कोरडा माल

बाजारातून म्हातारा गेला तसाच परत आला. डोक्यावरच्या टोपल्यांच्या उतरंडीतली वरची एक तेवढी कमी झाली होती, आणि तीही विकली गेली नव्हती. चहावाल्यानं चोथा टाकायला मागितली, म्हाताऱ्यानं भिडेखातर देऊन टाकली. बाजारात त्याच्या शेजारी हल्ली प्लास्टिकच्या टपांचा ढीग लागायचा. गिऱ्हाईक आधी म्हाताऱ्याकडे यायचं, टोपली दोन्ही हातांनी दाबून बघायचं, "असं काम आता कुठं बघायला मिळतं?" म्हणून तोंड भरून कौतुक करायचं आणि टप घेऊन घरी जायचं. कौतुकानं पोट भरत असतं तर म्हाताऱ्याला एव्हाना अपचन झालं असतं.

उतरंड ओसरीत ठेवून तो भिंतीला टेकून बसला. म्हातारीनं पाणी आणून दिलं, टोपल्यांकडे एकदा बघितलं आणि काही बोलली नाही. ती गप्प राहिल्याचे प्रसंग फार थोडे, त्यामुळे काय झालं ते घरात सगळ्यांना कळलं.

मुलगा मागच्या अंगणात बांबू फोडत होता. कोयत्याचा एक घाव घालायचा, मग बांबू पायाखाली धरून पात्याला पीळ द्यायचा, की तो कडकड करत शेवटपर्यंत उलत जायचा. मध्येच तो थांबायचा, गुडघ्यांवर हात टेकून खोकायचा आणि पुन्हा कोयता उचलायचा. हा खोकला दगडाच्या खाणीतला. टोपल्या खपेनाशा झाल्यापासून दर उन्हाळ्यात मुकादमाची गाडी यायची आणि त्याला खाणीवर घेऊन जायची. पावसाच्या तोंडाला तो परत यायचा तो पांढऱ्या भुवया घेऊन. भुवया धुतल्या की काळ्या व्हायच्या. छातीत बसलेली भुकटी कशानं धुवायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि "दुसरं काही काम बघा" एवढं सांगितलं. दुसरं काम औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून तो चिठ्ठीवरची गोळी तेवढी घेऊन आला.

सुनेनं मात्र डॉक्टरचं ते वाक्य गाठ मारून ठेवलं होतं. येत्या उन्हाळ्यात नवऱ्याला त्या गाडीत चढू द्यायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. म्हणून शहरातल्या सभागृहात परदेशात माल पाठवण्याबद्दल मार्गदर्शन आहे, आणि तेही फुकट, असं कानावर आलं तशी तिनं एक परडी पिशवीत घातली आणि चपला शोधायला लागली.

"गावचा बाजार जमेना आणि बाई निघाल्या समुद्रापार," म्हातारी म्हणाली.

"बघून तर येते, आत्या. ऐकायला काय जातंय?"

"माझ्या चपला जातात. घालून जा, पण झिजवून आणू नको."

सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर मोटारींचे सुटे भाग करणारे, साबणवाले, मसालेवाले बसले होते. त्यांच्या हातात जाड वह्या होत्या. सून मागं भिंतीलगत बसली. मार्गदर्शन करणारे साहेब अंगानं काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. नमुना एक पाठवायचा आणि एक घरी ठेवायचा, म्हणजे आपण काय कबूल केलंय ते आपल्याही डोळ्यांपुढं राहतं. नमुन्यापेक्षा वाईट माल पाठवायचा नाही आणि शहाणपणा करून जास्त चांगलाही पाठवायचा नाही. कागदावर जे लिहिलंय तेच खोक्यात हवं. असं त्यांनी एकेक करून सांगितलं. माल जहाजावर चढला की त्याची पावती मिळते, ती बँकेत दिली की राहिलेले पैसे आपल्या खात्यात येतात, हेही सांगितलं. पण बहुतेक वेळ ते ओलाव्यावरच बोलले.

"कंटेनर म्हणजे झाकण लावलेलं पातेलं," ते म्हणाले. "दिवसा तापतं, रात्री निवतं. आत जो काही ओलावा असेल तो छताला जाऊन चिकटतो आणि थेंब थेंब मालावर पडतो. महिनाभर! म्हणून सुकवा. लाकूड असो, कापड असो, बांबू असो, आधी सुकवा." आणि हे सांगताना ते दर दोन वाक्यांनी पाणी पीत होते. चहाच्या वेळेपर्यंत साबणवाल्यानं त्यांचं नाव सुकवासाहेब ठेवलं होतं.

शेवटी सून उठून उभी राहिली. "साहेब, बांबूची परडी किती सुकवायची?"

"तुम्हाला वाटेल ना, आता पुरे झालं, त्याच्यानंतर अजून थोडी," साहेब म्हणाले. लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिची परडी हातात घेतली, उलटी केली, काठावरून बोट फिरवलं आणि स्वतःजवळ ठेवून घेतली.

परडी कुठं कुठं फिरली देव जाणे, पण पाऊस आणि थंडी उलटून गेल्यावर साहेबांचा फोन आला. समुद्रापलीकडच्या एका दुकानदाराला तशाच परड्या हव्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, ट्रकभर. थोडे पैसे आगाऊ आले, ते बांबू, खोकी आणि प्लास्टिकच्या कागदात संपले.

मग घरात काम शिरलं. मुलगा बांबू तोडून आणायचा आणि फोडायचा. सून कामट्या तासायची. पातं अंगठ्याच्या इतक्या जवळून जायचं की तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. म्हातारा आणि म्हातारी विणायला बसायचे. कामटी पाण्यात भिजवून घेतली तरच वाकते, त्यामुळे विणणाऱ्याचे हात दिवसभर ओले आणि पाठ दिवसभर ताठ. म्हातारा विणताना बघत नसे. डोळे रस्त्यावर, बोटं परडीत. त्याची परडी जमिनीवर ठेवली तर डुगडुगत नसे, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

नेमकं त्याच दिवसांत आभाळ येऊन बसलं. पाऊस पडेना, ऊन पडेना. छपरावर टाकलेल्या परड्या सकाळी होत्या तेवढ्याच ओल्या संध्याकाळी निघायच्या. चुलीवर टांगाव्यात तर धुरानं काळ्या पडतात, आणि नमुना तर पिवळाधमक. शेवटी सुनेनं त्या घरात आणल्या. कोनाड्यात परड्या, खाटेवर परड्या, दोरीवर परड्या. माणसं उरलेल्या जागेत झोपायला लागली. म्हातारी एकदा कूस बदलायला गेली आणि तीन परड्या चपट्या झाल्या. त्या हिशेबात धरायच्या की नाही यावर म्हातारा-म्हातारीचं दोन दिवस वाजलं.

मुकादम एका सकाळी दारात येऊन उभा राहिला. त्यानं आत डोकावून बघितलं. "हे काय मांडलंय?"

"परदेशी चाललाय माल," मुलगा म्हणाला. "यंदा मी खाणीवर येत नाही."

"असं?" मुकादम म्हणाला. "मग आम्ही आता कुणाच्या बळावर डोंगर फोडायचा?" आणि तो मोठ्यानं हसला. माणूस वाईट नव्हता, हसायचं कुठं ते तेवढं त्याला कळत नसे. "पुढच्या गुरुवारी सकाळी गाडी निघेल. तोवर जागा ठेवतो. जहाज बुडालं तर ये."

सुनेला त्याचा असा संताप आला की तिनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग दोन दिवस कडकडीत ऊन पडलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अंगणात, रस्त्याच्या कडेला, शेजारच्या छपरावर, जिथं मिळेल तिथं परड्या पसरल्या. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, सुकवासाहेब स्वतः तपासायला आले. त्यांच्याकडे हातात मावेल असं एक यंत्र होतं. त्याच्या दोन सुया बांबूत टोचल्या की आत किती पाणी आहे ते काचेवर उमटायचं. साहेबांनी बऱ्याच परड्यांना सुया टोचल्या आणि मान डोलावली. "छान. पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकलेलं दिसतंय."

सून लाजून लाल झाली. मग साहेबांनी दहा-पंधरा परड्या बाजूला काढल्या. त्या सगळ्या म्हाताऱ्याच्या होत्या. काठाला त्यानं दुहेरी पेड घालून वेणी काढली होती, नमुन्याला साधा काठ होता.

"या नाही चालणार, आजोबा."

"का? यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. चांगल्याच आहेत. पण नमुन्यासारख्या नाहीत."

"साहेब, हा काठ आज या भागात दुसऱ्या कुणाला येत नाही."

"म्हणूनच नको," साहेब म्हणाले. "एकाला हा मिळाला आणि दुसऱ्याला साधा मिळाला तर दुसरा तक्रार करेल."

नाकारलेल्या परड्या म्हाताऱ्यानं एकात एक घातल्या आणि कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. साहेब चहा पिऊन गेले. बुधवारी सकाळी ट्रक येणार होता, खोकी भल्या पहाटे भरायची होती.

संध्याकाळी सून आणि मुलगा ट्रकसाठी रस्त्यावरचे दगड बाजूला करायला गेले. म्हातारी शेजारणीकडे बातमी पोचवायला गेली होती. ती दुसऱ्यांदा पोचवत होती. म्हातारा एकटाच पास झालेल्या मालापाशी उभा होता. त्यानं एक परडी उचलली आणि दोन्ही हातांनी दाबली. परडी कुरकुरली. दुसरी दाबली, तीही कुरकुरली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आयुष्यभर ज्या आवाजानं गिऱ्हाईक टोपली खाली ठेवून पुढं गेलेलं त्यानं बघितलं होतं, तो आवाज. बाजाराला निघायच्या आदल्या संध्याकाळी मालावरून ओलं फडकं फिरवायचं, वर थोडं पाणी शिंपडायचं, म्हणजे बांबू मऊ राहतो, रंग उजळतो. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि सुनेनं सांगितलेलं सगळं सुकवण्याबद्दल होतं. सुकवून झालं होतं. साहेब बघून गेले होते. आता माल निघायचा होता.

त्यानं बादली भरून आणली आणि कामाला लागला. एकेक परडी हातात घेऊन आतून, बाहेरून, काठाखालून फडकं फिरवलं, पिळलं, पुन्हा भिजवलं. आपण काही चुकीचं करतोय असं त्याच्या मनात आलं नाही. उलट त्याचा दुपारचा राग निवत गेला. एवढ्या लांब जाणारा आपला माल, तो निदान धड दिसावा, एवढंच त्याला वाटत होतं.

पहाटे बत्तीच्या उजेडात खोकी भरली. घाई इतकी की कुणाला कुणाकडे बघायला सवड नव्हती. मुलगा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हातारी परड्या रचायची, सून कागद मिटून चिकटपट्टी लावायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या असल्यामुळे तिला काही जाणवलं नाही. पहाटेचा गारवा सगळ्याच वस्तूंना होता.

उजाडल्यावर ट्रक आला. मुलगा वर चढून खोकी लावायला लागला, सून खालून द्यायला लागली. ड्रायव्हर एक खोकं हातात घेऊन हलवत म्हणाला, "आजोबा, आत आहे ना काही? आवाज नाही काही नाही."

"आवाज कसा येईल?" म्हातारा म्हणाला. त्याला कुणीतरी विचारायलाच हवं होतं. "काल संध्याकाळी सगळ्या मालाच्या तोंडावरून पाणी फिरवलंय. पोरीला सासरी धाडताना कुणी पारोशी धाडतं का? कुरकुरणारा माल या दारातून कधी बाहेर पडलेला नाही."

सुनेच्या हातात खोकं होतं. तिनं ते वर दिलं. मग दुसरं उचललं आणि तेही वर दिलं.

पावती जहाजावर चढतानाच मिळते, खोकी उघडतात ती महिन्याभरानं. पैसे तोवर खात्यात आलेले असतात. हे तिला त्याच सभागृहात कळलं होतं. महिन्याभरानं तिकडं कुणी नाक दाबून खोकं उघडेल, साहेबांना फोन करेल, साहेब तिला फोन करतील. तोवर उन्हाळा सरत आलेला असेल आणि नवरा घरात असेल. तिनं तिसरं खोकं उचललं. म्हातारी तिच्याकडेच बघत होती. तिनंही ऐकलं होतं.

"थेंबभर पाण्यानं काय होतंय?" म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "तू आपलं काम कर."

"दे ना," वरून मुलगा म्हणाला. "थांबलीस का?"

तिनं खोकं दिलं नाही, खालीही ठेवलं नाही.

"काय झालं गं?"

"मामांनी मालावरून पाणी फिरवलंय," ती म्हणाली. "काल. सगळ्या."

मुलगा ट्रकच्या कडेला उकिडवा बसला. त्यानं शेजारचं खोकं ओढलं, नखानं चिकटपट्टी उचकटली आणि कागद उघडला. कागदाला आतून बारीक बारीक थेंब लागले होते. त्यानं हात आत घालून बाहेर काढला आणि तळवा बघितला.

"अहो, चिकटवून टाका ते," सून म्हणाली. आपण हे बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "माल जहाजावर चढला की पैसे मिळतात. नंतर त्यांचं ते बघून घेतील."

म्हातारा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं. मुलाला खोकल्याची ढास आली. ती जाईपर्यंत ड्रायव्हरसुद्धा थांबला.

"हा एक उन्हाळा वाचेल," मुलगा म्हणाला. "पुन्हा मागवतील का ते?"

"नाही."

"मग पुढचे सगळे उन्हाळे खाणीतच." त्यानं तळवा विजारीला पुसला. "गाडी बंद करा हो. माल उतरवायचाय."

चढवलेली खोकी उतरवायला चढवण्याइतकाच वेळ लागला. ड्रायव्हरनं खेप फुकट गेल्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि निघून गेला. सुनेनं साहेबांना फोन केला. साहेब इतके बोलले की तिनं फोन कानापासून लांब धरला. बोट कुणासाठी थांबत नाही, तिकडच्या माणसाला आता काय तोंड दाखवू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी त्यांचाच पुन्हा आला. पुढची बोट सव्वा महिन्यानं होती. तिकडच्यांनी कुरकुर केली होती पण हो म्हटलं होतं. पुन्हा सगळा माल तपासून घ्यायच्या अटीवर.

सव्वा महिना काही कुणी हवा खाऊन काढत नाही. गुरुवारी सकाळी मुलगा बोचकं घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला. सूनही गेली. गाडीत बाया-बाप्ये आधीच दाटीवाटीनं बसले होते. मुकादम पुढून उतरला.

"बुडालं का जहाज?"

"नाही," मुलगा म्हणाला. "आम्हीच सोडलं."

तेवढ्यात म्हातारा आला. त्याच्याही काखेत बोचकं होतं. घरात कुणाला न सांगता त्यानं ते बांधलं होतं. "याला राहू दे," तो मुकादमाला म्हणाला. "मला ने. चूक माझी आहे."

मुकादमानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याचा हात धरून तळवा उलटा केला, सोडला. "अण्णा, तिकडं घण उचलायचा असतो. तुम्ही उचलाल, मान्य. पण मग तुम्हाला कोण उचलणार?" गाडीतले लोक हसले. या खेपेला मुकादम स्वतः हसला नाही.

मुलानं बापाच्या काखेतलं बोचकं काढून घेतलं आणि बायकोच्या हातात दिलं. "घरी जा, अण्णा. माल सुकवा," एवढं म्हणून तो गाडीत चढला. सुनेशी त्याला काही बोलायचं होतं, पण इतक्या लोकांत ते राहून गेलं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मग घरी आली, अंगणात परड्या पसरायला बसली आणि हुंदके देऊन रडली. म्हातारी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

म्हातारा ओसरीच्या टोकाला उभा होता. कालपासून सून त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिला त्याचा राग होता, आणि तो इतक्यात जाणारा नव्हता. ऊन वर आलं तसा तो अंगणात उतरला, तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसला आणि परड्या उन्हाच्या बाजूला कलत्या करायला लागला.

"सूनबाई," तो म्हणाला. "तिकडं यात ठेवतात तरी काय?"

"पाव," ती वर न बघता म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर. तो दुकानदार घराघरात विकतो त्या."

म्हाताऱ्याचा हात परडीवर तसाच राहिला. आपण आयुष्यभर टोपल्या विकल्या त्या दगडमातीला, शेणाला, केरकचऱ्याला. तोंडात जाणारी वस्तू कुणी आपल्या कामात ठेवेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

"लेकरंबाळं खाणार त्यातलं," तो म्हणाला.

सुनेनं हातातली परडी उलटी करून ठेवली.

"मला सगळं सांग," म्हातारा म्हणाला. "ते साहेब त्या दिवशी काय काय म्हणाले. पहिल्यापासून. तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं नाही."

तिनं डोळे पुसले. आता ऐकून काय उपयोग, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो खरोखरच वाट बघत होता, हात मांडीवर ठेवून, सभागृहात ती बसली होती तसा. तिनं पुढची परडी उन्हाकडे वळवली आणि सांगायला सुरुवात केली.